सीडीच्या पाठीवरचं कुंकू

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. माहिती साठवायच्या, शंभर वर्षं टिकतील अशा सीडीसारख्या तबकड्या बनवायचं आमचं संशोधन आहे. आमच्या गावी, उत्रोलीत मात्र हे सांगायची सोय नाही. 'एवढं शिकून शीडीचं दुकान टाकलं व्हय?' असं मला भर लग्नात विचारून झालंय. आता गाणी मोबाईलवर असतात, मान्य. पण दवाखान्याचे, जमिनीचे, कोर्टाचे कागद शतकभर ठेवायचे कुठं, हा प्रश्न कुणाला पडतो का? मरू दे. मी लवकर चिडते आणि त्याहून लवकर बोलते. माधुरीच्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात.

तर शेफालीचं लग्न ठरलं. शेफाली माझी चुलतबहीण, ठकुबाई काकीची एकुलती एक लेक. मुलगा पालीचा, चांगला आहे. शेफाली पाळण्यात असतानाच धनाजी काका टेम्पोच्या अपघातात गेले. त्यांचा फोटो भिंतीवर आहे, पण बापाचा आवाज पोरीला ठाऊक नाही. तो एकाच ठिकाणी होता, तिच्या बारशाच्या सीडीत. सुरुवातीलाच काका कॅमेऱ्यापुढं येऊन 'माझ्या लेकीच्या बारशाला या बरं का' म्हणतात, असं काकी सांगायची. घरातला प्लेअर कधीच बिघडला होता आणि सीडी देव्हाऱ्यात जाऊन बसली होती.

"सासरी जायच्या आधी एकदा त्यांचा आवाज ऐकव ना ताई," शेफाली मला म्हणाली. बाकी तिनं दागिना मागितला नाही की साडी.

मी लॅपटॉप घेऊन एसटीनं गेले. सीडी आत घातली. ती घुर्र घुर्र फिरली आणि थांबली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. काढून उलटी केली, तर खालची चकचकीत बाजू कालच आणल्यासारखी. मग पाठीकडे बघितलं. मधल्या भोकाला लागूनच कुंकवाचा जाड ठिपका होता.

काकीनं ते कौतुकानं सांगितलं. दसऱ्याला विळा, कोयता, मिक्सर सगळ्याची पूजा व्हायची, तेव्हा सीडीही पाटावर यायची. गेल्या वर्षीचं कुंकू नखानं खरवडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि नवं लावायचं. काका गेल्यापासून स्वतःच्या कपाळाला कुंकू न लावलेली ही बाई त्यांच्या सीडीला मात्र चुकवत नव्हती. शूटिंगवाल्यानं तेव्हा बजावलं होतं, चकचकीत बाजूला हात लावायचा नाही.

"त्या बाजूला बोट लागू दिलं न्हाई म्या कदी," काकी म्हणाली.

लोकांना वाटतं, सीडीतलं सगळं त्या चकचकीत बाजूला असतं. तसं नाही हो. प्लेअरमधला लेसरचा किरण खालून जातो, जाड प्लास्टिक ओलांडतो आणि वाचतो ते अगदी पाठीजवळ. तिथं धातूचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर फक्त नखापुढंही न टिकणारं वार्निश. कुंकवात हळदीबरोबर चुना असतो. चुना आणि पाणी मिळून तो धातू खातात. मी सीडी खिडकीसमोर धरली, तर ठिपक्याभोवती बारीक भोकं पडून पलीकडचा उजेड दिसत होता.

बघते म्हणाले आणि ती पुण्याला आणली. प्लेअर आधी भोकाजवळची अनुक्रमणिका वाचतो. ती नसली की सगळ्यालाच नकार देतो. आमचं यंत्र मधूनही सुरू करता येतं. जेवणं-खाणं सोडून मी त्याच्यापुढं बसले आणि बारसं मिळालं. पाळणा मिळाला, बायका मिळाल्या, पंगत मिळाली. पण सीडी आतून बाहेर भरत जाते. काकांचं बोलणं होतं सुरुवातीला, म्हणजे बरोबर कुंकवाखाली. ते गेलं होतं. मी रडले, खोटं कशाला सांगू? रागाच्या भरात मग आमच्या काचेच्या तबकडीलाही कुंकू फासून ठेवलं. आम्ही घाम, लिंबू, चहा सगळं लावून बघतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं. तिला काही झालं नाही. बारसं मी तसल्याच तबकडीवर उतरवलं.

हळदीच्या आधी उत्रोलीला जाऊन ते लॅपटॉपवर लावलं. काका एकदाच दिसतात, हातात भाताची परात. वळून काहीतरी म्हणतात, पण त्याच वेळी बायकांचं पाळण्याचं गाणं मोठ्यानं चाललेलं. शेफाली तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन बघत राहिली. मग तिनं विचारलं, सुरुवात कुठं गेली? काकी माझ्याकडेच बघत होती. मी म्हणाले, शूटिंगवाल्यानं हलकी सीडी वापरली, अशा आपोआप जातात. काकीनं त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मला हायसं वाटलं.

मग काकीनं नवी तबकडी दोन्ही हातांनी घेतली आणि देव्हाऱ्यापुढं बसली. करंडा उघडला. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं.

"काकी, थांब! कुंकू नको!"

त्या तबकडीला कुंकवानं काहीही होत नव्हतं. मीच तर लावून बघितलं होतं. तरी तोंडातून निघून गेलं.

काकीचं लाल बोट तसंच राहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मी परत आणून पाटावर ठेवलेल्या जुन्या सीडीकडे. शेफालीनं लॅपटॉप थांबवला.

"म्हंजे त्येंचा आवाज म्या पुसला व्हय गं?" काकी म्हणाली.

एक 'नाही' म्हणायचं होतं मला. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ हलली नाही.