काविकचं उत्तर

काविक मेला तेव्हा तुलिमाकने मनातल्या मनात सुस्कारा सोडला होता. ज्या माणसाने एकोणीस वर्षं आपल्याशी एक शब्द काढला नाही, तो गेला म्हणून किती रडायचं? तो दफनाला गेला, टोपी काढली, थंडी वाजली तशी परत घातली आणि घरी येऊन दोन वाट्या सूप प्यायला. तीन महिने होतात न होतात तोच काविक तुलिमाकच्याच घरात जन्माला आला. तोही मुलगी होऊन.

याला जबाबदार तुलिमाकची लेक उक्पिक. सातव्या महिन्यात तिला स्वप्न पडलं, काविक दारात उभा राहून पाणी मागतोय. मेलेला माणूस गरोदर बाईकडे पाणी मागतो तेव्हा त्याला तहान लागलेली नसते, नाव हवं असतं, हे उत्तर ध्रुवाजवळच्या त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुलिमाकने तरी खिंड लढवून पाहिली.

"तो काविकच होता कशावरून? सगळे म्हातारे पाठमोरे सारखेच दिसतात."

"पाठमोरा नव्हता. तोंड माझ्याकडे होतं."

"मग पाणी द्यायचं आणि दार लावून घ्यायचं!"

पण त्याची बायको निविआक हिच्या पुढे कोणाचं चाललंय? काविक तिचा चुलतभाऊ. बाळ बाहेर आल्या आल्या तिने त्याचं फताडं नाक पाहिलं आणि "दादा आलास रे!" म्हणून गळाच काढला. झालं. नाव पक्कं. आणि नाव आलं की माणूस आलाच. तुलिमाकचा मुलगा उयारक एका शरद ऋतूत कोवळ्या बर्फातून खाली गेला, त्याचं नाव त्याच हिवाळ्यात पलीकडच्या घरातल्या पोराला दिलं. तो उयारक आता अठराचा आहे, गावात पाण्याची गाडी चालवतो, तुलिमाकला बाबा म्हणतो आणि हक्काने फ्रीज उघडतो. त्याबद्दल तुलिमाकची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती या नव्या पाहुण्याबद्दल.

गावाला तर आयतं खाद्य मिळालं. सहकारी दुकानात पाऊल टाकलं की कोणीतरी विचारायचंच, "काय तुलिमाक, जोडीदार बोलायला लागला का?" किंवा, "एकोणीस वर्षं तोंड फिरवलं, आता मांडीवर मुततोय म्हणे!"

"मुतायला तरी तोंड उघडावं लागत नाही," तुलिमाक म्हणायचा आणि चहाचं पाकीट घेऊन सटकायचा.

त्या एकोणीस वर्षांची गोष्ट अशी. दोघेही कोरीव काम करणारे. रेनडिअरची शिंगं, कस्तुरी बैलाचं काळं शिंग, किनाऱ्यावर तीस-चाळीस वर्षं पडून तेल निथळलेलं देवमाशाचं हाड, हा त्यांचा माल. दोघांचे आजे एकमेकांची टर उडवायला डफ घेऊन उभे राहायचे. एकाने गाण्यातून दुसऱ्याची सालं काढायची, दुसऱ्याने ती निमूट ऐकायची आणि पुढच्या वेळी सवाई उत्तर द्यायचं. ज्याचं उत्तर सुचेना तो हरला. अशा दोघांना गाव जोडीदार म्हणायचं. नातवांना गाता येत नव्हतं, दोघांचेही आवाज भसाडे, म्हणून ते हेच काम हाडातून करायचे. तुलिमाक घोरतोय आणि त्याच्या नाकात चिमणी घरटं बांधतेय. काविक चर्चमध्ये डुलक्या घेतोय आणि त्याची लाळ पादरीबाबा वाटीत धरतोय. सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. गाव प्रत्येक फेरीची वाट पाहायचं.

मग आली ती प्रसिद्ध फेरी. मासेमारीच्या तळावर काविक खडकामागे बसला असताना अस्वल आलं, आणि काविक विजार घोट्यात अडकवून अख्खा किनारा धावला. तुलिमाकच्या हातात बंदूक होती, पण तो सगळ्यांना सांगायचा, "हसून हसून नेमच धरता येईना! गोळी ढगात गेली!" अस्वल बंदुकीला नाही तर काविकच्या बोंबलण्याला घाबरून पळालं. तुलिमाकने ते सगळं एका शिंगात कोरलं. शिंगाचा फाटा जिथे वळतो तिथेच पळणाऱ्याची कंबर बसवली. विजार काळ्या शिंगाची आणि ढुंगण पांढरंशुभ्र, आठ दिवस घासून चकचकीत केलेलं. दुकानाने ती मूर्ती दक्षिणेतल्या मोठ्या शहरात विकायला पाठवली. तिथल्या कोणा विद्वानाने एका जाडजूड पुस्तकात तिचा पानभर फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'ऐहिक बंधनं सोडून मुक्तीकडे धावणारा मांत्रिक.' पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेच्या वाचनालयात आलं. गावाची हसून मुरकुंडी वळली.

काविक फोटो बघून "बरं" म्हणाला. त्यानंतर तुलिमाकशी एक अक्षर नाही. उत्तरही नाही.

रुसला असता तर चाललं असतं. पण उत्तर न देणं म्हणजे समोरच्याला उत्तराच्या लायकीचा न समजणं. हे तुलिमाकला फार लागलं. मग त्यानेही तोंड फिरवलं. त्याच वर्षी शरद ऋतूत उयारक गेला, तेव्हा काविक त्याचा देह शोधायला अकरा दिवस होडीतून गळ टाकत किनारा धुंडाळत होता, पण घरी येऊन दोन शब्द बोलला नाही. ते तुलिमाकने कधीच माफ केलं नाही.

आणि आता तोच माणूस पाळण्यात पडून ठणाणा करत होता. तीन आठवडे झाले, बाळ दूध ओढेना. चार घोट घ्यायचं, तोंड फिरवायचं आणि लालबुंद होऊन रडायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईने तोंडातल्या पांढऱ्या फोडांवर औषध दिलं, रोज वजन केलं आणि सोमवारपर्यंत आकडा वर चढला नाही तर विमानाने मोठ्या इस्पितळात पाठवीन म्हणून सांगितलं. म्हाताऱ्या बायांनी आकडा बघितलाच नाही. नाव रुसलंय, म्हणाल्या. नाव रुसलं की बाळ अंगावर पीत नाही.

"बघ!" तुलिमाक बायकोला म्हणाला. "माझ्या घरात त्याला घास गिळवत नाही. नाव बदल. तुझ्या आईचं दे, कोणाचंही दे. पोर तरी वाचेल."

"त्याचं नाव काढायचं तर मितिकला विचारायला हवं. नवरा तिचा आहे."

"मी विचारतो," तुलिमाक म्हणाला, आणि शुक्रवारी सकाळी काविकच्या विधवेकडे गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मितिक जमिनीवर बसून सीलचं कातडं खरवडत होती. तिने मान वर केली नाही. "माझा नवरा दूध पितो का?"

"नाही. म्हणून तर आलोय. त्याला आमच्याकडे सुख नाही, मितिक. नाव परत घे."

मितिकचा हात थांबला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तुलिमाकला वाटलं आता हातातली सुरी आपल्यावरच येते. पण ती उठली, पलंगाखालून एक पेटी ओढून काढली आणि त्याच्या पुढ्यात ढकलली.

"घेऊन जा. हेही तुझंच."

पेटीत जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली मूर्ती होती. शिंगातला तुलिमाक गुडघ्यावर बसून बंदूक रोखतोय. डोळे मिटलेले, जबडा फाकलेला, सीलचे खरे दात बसवलेले. त्याच्या मागे देवमाशाच्या हाडाचं अस्वल, अगदी सभ्यपणे रांगेत उभं असल्यासारखं. अस्वलाने काविकची काळी विजार घातली होती. आणि एका पंज्यात तीन काडतुसं धरून ते तुलिमाकच्या खांद्याला हळूच टोचत होतं, की भाऊ, हे विसरलास.

तुलिमाकने ती तीन काडतुसं बोटाने चाचपली. त्या दिवशी बंदूक रिकामी होती. काडतुसं तंबूत चहाच्या डब्यात राहिली होती. हसू वगैरे काही नाही, त्याने चाप ओढला आणि नुसतं टक झालं. गोळी ढगात गेली हे त्याने मागाहून रचलं होतं. त्याला वाटायचं, हे फक्त आपल्यालाच माहीत आहे.

"त्याला ठाऊक होतं?"

"टक ऐकलं होतं त्याने. सबंध उन्हाळा हे कोरत बसला. एकटाच खिदळायचा, मला बघू द्यायचा नाही. पुरं झालं त्या दिवशी कोटाच्या आत घालून सभागृहाकडे निघाला होता, सगळ्यांदेखत तुला द्यायला. वाटेतच कळलं, तुझा उयारक बर्फाखाली गेला."

तुलिमाकने मूर्ती हळूच सदऱ्यावर ठेवली.

"तसाच वळला आणि गळ घेऊन होडीत बसला. नंतर कुठल्या दिवशी देणार होता, सांग ना? पोरगा गेलेल्या माणसावर कुठल्या दिवशी हसायचं? दरवर्षी म्हणायचा, यंदा देतो. तुझ्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा."

"अगं, पण बोलायचं तरी! दोन शब्द!"

"त्याला तुझ्याशी दुसरं काही बोलताच येत नव्हतं," मितिक म्हणाली. "तोंड उघडलं की थट्टाच यायची. म्हणून मिटून ठेवलं. मूर्ख होता. तू जास्त."

तुलिमाक तिथेच भिंतीला टेकून बसला. त्याने त्या अस्वलाकडे पाहिलं, विजारीच्या सुटलेल्या बंदाकडे पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता ते रडणं झालं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मितिकने त्याच्याकडे पाठ केली आणि कातडं खरवडत राहिली.

तो घरी आला तेव्हा निविआक कोट चढवत होती. सकाळचं वजन आणखी उतरलं होतं. "मी बायांना सांगायला चाललेय. आईचं नाव देऊ."

"नाव बदलायचं नाही," तुलिमाक म्हणाला.

"सकाळी तूच म्हणालास!"

"सकाळी मी मूर्ख होतो."

"आणि आता?"

"आताही आहे. पण आता मला ते कळलंय."

उक्पिक कोपऱ्यात बाळाला घेऊन बसली होती. तिचे डोळे सुजले होते. "बाबा, तुम्हा दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात माझं लेकरू उपाशी मरतंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही अजून ठरवताय?" तुलिमाकने फक्त उद्यापर्यंतची मुदत मागितली. उद्या सभागृहात बारशाचं जेवण होतं. त्यानंतर नाव गेलं तरी चालेल, म्हणाला. निविआकने त्याच्या काखेतल्या पेटीकडे पाहिलं आणि कोट काढून खुंटीला लावला.

शनिवारी दुपारी सगळं गाव सभागृहात जमलं. मधोमध पुठ्ठ्यावर गोठवलेलं मांस आणि मासे मांडले होते. लोक सुऱ्या घेऊन बसायच्या आत तुलिमाक मध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याने मूर्ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"माझ्या जोडीदाराने उत्तर दिलंय," तो म्हणाला. "जरा उशीर झाला."

ज्याची टर उडते त्याने मध्ये उभं राहायचं, हात खाली सोडायचे, चेहरा झाकायचा नाही आणि लोकांचं हसून होईपर्यंत हलायचं नाही. मूर्ती हातोहात फिरली. अस्वलाच्या विजारीवर पहिला हशा पिकला. मग एका म्हातारीने डोळे बारीक केले. "हे पंज्यात काय आहे गं? काडतुसं? तुलिमाक, काडतुसं कुठे होती रे तुझी?"

इतक्या वर्षांची थाप जिभेवर आली होती. पुन्हा तीच मारावी का, असं क्षणभर त्याला वाटलं.

"चहाच्या डब्यात," तो म्हणाला.

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. "चहाच्या डब्यात! आणि म्हणे नेम चुकला!" पाण्याची गाडी चालवणारा उयारक तर पोट धरून जमिनीवर लोळत होता. "बाबा! चहा पाजायचा ना अस्वलाला!" त्याचं ते खिंकाळणं ऐकून तुलिमाकचे डोळे भरले, पण हात वर न्यायचा नव्हता, म्हणून त्याने ते तसेच वाहू दिले. नाकही वाहत होतं. तेही कोणीतरी बोटाने दाखवलं.

त्या गलक्याने उक्पिकच्या कोटाला पाठीवर असलेल्या झोळीसारख्या टोपडीत झोपलेलं बाळ दचकून जागं झालं आणि किंचाळलं. उक्पिकने त्याला पुढे घेतलं, कोटाच्या आत घातलं आणि मान खाली घालून बसली. थोड्या वेळाने तिने आईला कोपराने ढोसलं. निविआकने वाकून पाहिलं. बाळ ओढत होतं, चपाचप, हावरटासारखं, मध्ये श्वास घ्यायचीही फुरसत नसल्यासारखं.

नर्सबाई म्हणाली, औषध लागू पडलं. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, नाव शांत झालं. मितिक म्हणाली, माझा नवरा जेवणावळीत कधी उपाशी राहिलाच नाही. सोमवारी काटा वर सरकला, आणि विमान आपलं रिकामंच गेलं.

त्याआधी रविवारी तुलिमाक आपल्या शेडमध्ये शिंगं उलटीपालटी करत बसला होता. आता पाळी त्याची होती. डोक्यात फताड्या नाकाची एक तान्ही बया केव्हाच उभी राहिली होती, आईची छाती दोन्ही मुठींत घट्ट धरून बसलेली, आणि सगळं गाव तिच्यापुढे वाटी घेऊन रांगेत. त्याने एक चांगलं जाड शिंग निवडलं, करवत टेकवली, आणि मग त्याच्या मनात आलं की हे दिलं तर याचं उत्तर कधी येणार? पोरीच्या हातात कानस नीट बसायलाच बारा वर्षं जातील. तो बासष्टचा होता. हाडाच्या धुळीने सकाळी सकाळी खोकून खोकून जीव जायचा. त्याने करवत खाली ठेवली.

सोमवारी बाळाचं वजन झाल्यावर सगळे निघाले, पण तो मागे रेंगाळला. नर्सबाई आठ वर्षं त्याच्या मागे लागली होती, की कोरताना नाकातोंडावर मास्क बांध. एकदा तिने दिलेल्या मास्कमध्ये तो माशांचे गळ ठेवायचा.

"ते नाकावर बांधायचं असतं ना," तुलिमाक म्हणाला, "ते द्या."

नर्सबाईने कपाट उघडलं. "किती देऊ?"

"बारा वर्षं पुरतील इतके."