बानूबाईंच्या कापडाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी नाडीची पिशवी आहे. जुनी म्हणायचं ते कापडामुळे. पिशवी होऊन मला दोनच वर्षं झाली, पण कापडाचं वय पंचवीस, आणि त्यातला बहुतेक काळ मी एका लोखंडी पेटीत काढला. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

शिनोलीच्या शीलाताईंना मुलगी झाली, तेव्हा शेजारच्या बानूबाई रोज सकाळी बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येत. घरी मेंढरं, पोराबाळांचा रगाडा, तरी एका दिवसाचा खाडा नाही. बारशाला त्यांनी घोडेगावच्या बाजारातून मला आणलं. मी तेव्हा झेंडूसारखं पिवळंधमक ब्लाउजपीस होते. सुतं निघू नयेत म्हणून बानूबाईंनी माझ्या कडेला लाल दोऱ्याने बारीक धावदोरा घातला होता. मला शीलाताईंच्या हाती देत त्या म्हणाल्या, "चोळी शिव गं पोरी. घातलीस की मला दावाया ये."

"येते की मावशी," शीलाताई म्हणाल्या.

मावशींची पाठ वळली आणि ताईंनी नाक मुरडलं. "एवढा भडक रंग कोन घालतंय बाई!" झालं! मी गेले पेटीत, देण्याघेण्याच्या कापडांत. तुमच्याही घरी असतील ती. या घरच्या ओटीतून त्या घरी जातात, तिथून तिसऱ्या घरी, आणि शिवत कुणीच नाही. माझ्या नशिबी तर ते फिरणंही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न ठरलं. बायकांना नारळ द्यायचा तो प्लॅस्टिकमध्ये नको, घरी शिवलेल्या पिशवीत द्यायचा, असं शीलाताईंनी घेतलं मनावर. पेटी उघडली. माझे तीन तुकडे केले. उलट्या बाजूने कडा शिवल्या, तोंडाशी नेफा दुमडला, सेफ्टी पिनेला नाडी अडकवून आत ओवली आणि मला सुलट केलं. लाल धावदोरा नक्षीसारखा दिसत होता, म्हणून तो तोंडाशी तसाच ठेवला. बायका म्हणाल्या, "काय झ्याक पिशव्या शिवल्यात गं!" आणि मी मूर्ख, फुगून गेले. आपण कुणाच्या कापडाच्या, हे विसरले.

लग्नात शीलाताई पिशव्या वाटू लागल्या आणि बानूबाईंच्या हातात नेमकी मीच पडले. त्यांचा अंगठा लाल दोऱ्यावर आला आणि थांबला.

"कापड कुठलं गं ह्ये?"

"घरातलंच मावशी. कुनीतरी दिल्यालं, पेटीत पडून व्हतं. माझ्या काय कामाचं नव्हतं, म्हनलं लावू मार्गी."

"व्हय का?" बानूबाई म्हणाल्या. "चांगलं टिकलंय." आणि गेल्या.

त्या क्षणी मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. मागे शीलाताईंच्या हातात माझ्याच कापडाची दुसरी पिशवी, माझी बहीण होती. त्यांची नजर तिच्या तोंडाशी गेली, लाल दोऱ्यावर, आणि त्यांना बारसं आठवलं. पुढच्या बाईने हात पसरला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या बानूबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. मी खुंटीला होते, पोटात बीपीच्या गोळ्या.

"मावशी, लई चुकलं माझं. द्या ती पिशवी. तिन्ही उसवते आन् चोळी शिवते."

"तुकड्यांची कसली चोळी, पोरी? ऱ्हाऊ दे. माझ्या गोळ्यांची सोय झाली."

बानूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हसून गोधडी अंथरली. "बस. वळखलीस का ही? तेल लावायचं सपलं तवा तू साडी दिल्ती न्हवं? लई मिरवली मी. जत्रंला नेसले, सोयऱ्याधायऱ्यांत नेसले. पार इरली, मग गोधडीला लावली. तू दिल्याली, टाकू कशी?"

शीलाताईंचा चेहरा उतरला. ती साडी त्यांनी विकत आणलीच नव्हती, मित्रांनो. तीही कुणीतरी दिलेली, पसंत न पडलेली. पेटीत काही दिवस ती माझ्या अंगावरच होती. माझ्या देखत ताईंनी ती काढली आणि म्हणाल्या, "ही देऊ मावशीला, तिला काय कळतंय!"

"आगं बस की," बानूबाई म्हणाल्या. शीलाताई गोधडी सोडून उघड्या जमिनीवर बसल्या. खरं सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण धीर झाला नाही.

आजही बानूबाई आल्यागेल्याला ती गोधडी दाखवतात आणि शीलाचं नाव काढतात. खुंटीवरून मी ते ऐकते आणि मेल्याहून मेल्यासारखी होते.

मित्रांनो, कुणी हौसेने काही आणलं, तर त्या माणसाच्या देखत एकदा तरी अंगावर घाला. रंग डोळ्यांत खुपला तर खुपू द्या. एका दिवसात कुणी कुरूप होत नाही.