सोनाजीच्या जाळ्याचं भगदाड

आता मला कुणी सांगितलं होतं का? न्हाई. भोयाच्या घरात जन्मभर जाळी शिवली मी. फाटकं जाळं दिसलं की मला चैन पडत न्हाई, आन् तसं टांगून ठेवणं आमच्यात वाईट मानतात. करुणा मॅडमनं धरणाजवळच्या एका खोलीत आमच्या भोयांच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं आन् झाडलोटीला मला ठेवलं. काल भिंतीवरच्या जाळ्याला हे एवढं भगदाड दिसलं. बसले आन् शिवून टाकलं. चांगलं घट्ट शिवलं.

आज सकाळी मॅडमनं जाळं बघितलं आन् मटकन खालीच बसली. म्हणाली, रुक्माबाई, हे सोनाजीचं जाळं. त्याचा लेक भागवत याच्यातच गुरफटून बुडाला. त्याला काढायला बापानं जाळं कापलं, तेच ते भगदाड. त्याला कुणी हात लावायचा न्हाई, या एका बोलीवर त्यानं जाळं दिलं होतं. आन् सोनाजी तेच जाळं बघायला वारंगा फाट्याहून निघाला होता, अर्ध्या तासात पोचणार होता.

एका बापाच्या लेकराची खूण मी बुजवून बसले होते. आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून मॅडमवर खेकसले, पण चूक माझीच होती. ती म्हणाली, पुन्हा कापून टाकू. मी सुरी घेतली, जाळ्याला लावली. हात पुढं सरकंना. धड जाळ्याला सुरी लावायची न्हाई, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बाहेर ऑटो थांबला तरी सुरी तिथंच.

सोनाजी आत आला. कुणाकडं न बघता जाळ्यापाशी गेला, बोटं फिरवली. एकदा, दोनदा. भगदाड सापडंना तसा त्याला दम लागला. मला राहवलं न्हाई. मीच शिवलं म्हणून सांगितलं, आता कापायला गेले तर हात चालंना, माफ करा भाऊ, म्हणाले.

त्यानं माझ्या हातातल्या सुरीकडं बघितलं.

"माझाबी चालला न्हाई," तो म्हणाला. "जाळं नवं होतं. मी आधी गाठी सोडवत बसलो, मंग कापलं. तवर पोरगं गेलं होतं."

मॅडम तोंड फिरवून रडू लागली.

"कापा बाई," सोनाजी म्हणाला. "थांबू नका."

डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी मी एका दमात कापलं.