वाळूवरची बाज

कौसल्याबाई दुबईला लेकाकडे निघाल्या तेव्हा नवऱ्यानं, देवाजींनी, त्यांना एकच काम सांगितलं होतं. लोणचं, तिखट, कुरड्या हे सगळं बाईंनी आपल्या मनानंच बांधून घेतलं होतं. देवाजींचं काम काही पिशवीत मावणारं नव्हतं.

"त्याले पक्कं विचारून ये, वापस येते का नाही ते," ते म्हणाले. "चिट्ठीत गोलगोल लिहिते तो. तुह्या तोंडावर खोटं बोलता येणार नाही त्याले."

देवाजी खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. नागपूरच्या लकडगंजात दोन खोल्यांचं घर आणि पुढं अंगण. एकुलता एक मधुसूदन वायरमनचं काम शिकून अठ्ठ्याहत्तर साली दोन वर्षांसाठी म्हणून दुबईला गेला, त्या दोनाची बघता बघता सहा झाली. आता त्यानं दोघांनाही बोलावलं होतं, पण देवाजींचे गुडघे जिना चढतानाच तोबा तोबा करायचे, ते विमानाची शिडी काय चढणार! म्हणून बाई एकट्याच आल्या.

आणि महिना संपला तरी त्यांनी काही विचारलं नव्हतं. रोज ठरवायच्या. सकाळी तो घाईत असे, रात्री दमलेला असे. हे आपले मनाला सांगायचे बहाणे. खरी गोष्ट अशी, की त्यांना उत्तराची धास्ती वाटत होती. विचारलंच नाही तर तो 'नाही' कुठून म्हणणार! पण उद्या संध्याकाळी विमान होतं.

शेवटच्या रात्रीसाठी मधूनं त्यांना शहराबाहेर वाळवंटात नेलं. "तंबूत राहाचं, माय. इथं इंग्लंडचे लोकं येतात, फक्त राहाले."

बाईंना तंबू ठाऊक होते ते रामटेकच्या जत्रेतले, जमिनीवर सतरंजी आणि उशाला चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून पिशवी. इथं तर आत पलंग, गुडघाभर गादी, पाय रुतेल असा गालिचा, पितळी कंदील, माणूसभर उंचीचा आरसा आणि पडद्यामागं न्हाणीघरसुद्धा.

"येवढं सारं कराचं होतं तं घरच बांधाचं ना गा," बाई म्हणाल्या.

मधू खदखदून हसला. हसला की तो अजून शाळेतलाच दिसायचा.

दिवस एप्रिलचे. सूर्य कलला तरी तंबूत नुसती भट्टी पेटलेली. मधू आंघोळीला गेला आणि बाईंनी नागपूरची कोणतीही बाई जे करील तेच केलं. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस मावळतीला आला की अंगणात पाणी मारायचं, जमीन निवली की बाजा बाहेर काढायच्या आणि उघड्यावर निजायचं. घरात झोपतात ते आजारी, नाहीतर नवीन लग्न झालेले. तंबूमागं पाण्याचे डबे भरून ठेवले होते. बाईंनी पदर खोचला, एक डबा उचलला आणि ओल्यावर पाय पडू नये म्हणून मागं मागं सरकत हातानं पाणी मारत सुटल्या. दुसरा डबा निम्मा झाला तेवढ्यात रखवालदार धावत आला.

"अम्माजी, ये क्या करता है? पीने का पानी है! पचास मील से टँकर आता है!"

बाई जागच्या जागी थिजल्या. परक्या मुलखात लेकाची अब्रू घालवली, असं त्यांना झालं. ओरडा ऐकून मधू टॉवेल गुंडाळूनच बाहेर आला. आता हा चिडणार. पण तो ओल्या वाळूकडे बघत उभा राहिला.

"रहने दो, खानभाई," तो म्हणाला. "हमारे घर में ऐसाही करते हैं."

हमारे घर में! सहा वर्षं परमुलखात काढून पोरगा लकडगंजच्या घराला आपलं म्हणत होता. बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. मायलेकांनी रखवालदाराकडच्या दोन हलक्या बाजा मागून आणल्या, शेजारी शेजारी टाकल्या आणि दोघं आडवी झाली. वर चांदण्या दाटल्या होत्या. बाई मातीच्या वासाची वाट बघत होत्या.

"वास नाही येत, माय," मधू म्हणाला. "वाळू हाये. मी पयल्या वर्षी आमच्या गच्चीवर रोज पाणी मारत होतो. शिमिटावर."

"मंग?"

"मंग सोडलं."

"काहून गा?"

"झाली सवय," तो म्हणाला.

शहाण्या बाईला एवढं पुरे होतं. पण बाईंना शहाणपण नको होतं, मधू हवा होता. त्याचे पैसे नकोत, रेडिओ नको, अत्तराच्या बाटल्या नकोत. ताटावर बसून 'अजून एक भाकर दे' म्हणणारा, रागावला की दार आपटणारा मधू रोज घरात हवा होता. त्यांनी आभाळाकडे बघतच विचारून टाकलं.

"मधू, तू येशील ना गा घरी? कायमचा?"

बाई कोपरावर उठल्या. मधू उताणा पडला होता, डोळे मिटलेले, श्वास संथ. पण हा पोरगा जन्मापासून पालथा झोपायचा, उशीत नाक खुपसून. उताणा असला की जागा, हे बाईंना त्याच्या परीक्षेच्या दिवसांपासून ठाऊक होतं. शिवाय गळ्याची घाटी खालीवर होत होती. देवाजी खरंच बोलले होते, आईच्या तोंडावर त्याला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून त्यानं डोळे मिटले होते.

हलवून उठवावं, असं एकदा आलं मनात. त्यांनी पायथ्याची चादर घेतली आणि त्याच्या अंगावर घातली. तो जराही हलला नाही.

बाई घरी आल्यावर देवाजींनी तंबूची सगळी हकीकत ऐकली आणि टँकरच्या पाण्यावर मनसोक्त हसले. मग हसू ओसरलं.

"विचारलं का वं?"

"विचारलं."

"काय म्हणे?"

"झोपला होता."

"मंग उठवाचं ना!"

"नाही उठवलं." बाई पिशवीतले रिकामे डबे उगीच एकात एक घालत होत्या. "अन् तुमीही आता चिट्ठीत नोका विचारू."

देवाजी काय समजायचं ते समजले. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तब्येत बरी हाये ना पोराची?"

"बरी हाये," बाई म्हणाल्या, आणि लेकासमोर, विमानात, वाटेत सगळीकडे धरून ठेवलेलं रडू त्यांना तिथं फुटलं.