सासूबाईंचे तीन गुडघे

दोन वर्षं झाली, नवरोबांनी लेकीच्या पोटगीचा छदाम दिला नव्हता. दिल्या होत्या त्या नुसत्या थापा, त्याही चॅटवर. त्याच्या बायकोनं, शिंपिणीनं, त्या सगळ्या छापून घेतल्या, दाभणानं शिवून चांगली जाडजूड वही केली आणि कोर्टापुढे ठेवली. तर नवरोबा म्हणतात कसे, "हा नंबर माझा नाहीच!" झालं. सिमकार्ड होतं त्याच्या मामाच्या नावावर. आज नंबर त्याचा ठरला नाही, तर वही रद्दीत आणि लेकीची शाळा बंद. वर साक्षीला गडी सख्ख्या आईला घेऊन आला होता, छान पढवून.

कारकुनानं वाचायला घेतलं. त्याचा आवाज असा, की लग्नपत्रिकाही त्यानं जप्तीच्या नोटिशीसारखी वाचली असती.

"'आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पुढच्या महिन्यात नक्की.'" पान उलटलं. "'आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन. जरा थांब.'" आणखी दोन पानं. "'आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन.' रडका चेहरा, रडका चेहरा, जोडलेले हात."

न्यायाधीशबाईंनी चष्मा खाली घेतला. "आजी, गुडघे किती आहेत तुम्हाला?"

"दोनच, बाईसाहेब. दोन्ही ठणठणीत. जिन्यानं आले मी." सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेक पंख्याकडे बघत होता.

"'आई आज पहाटे गेली,'" कारकून वाचत होता, "'आता पैशाचं बोलू नकोस.'"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शिंपिणीला मात्र दरदरून घाम फुटला. पुढचं उत्तर तिचं होतं, आणि ते चारचौघांत वाचलं जाणार म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"'काय सांगतोस! राहू देत पैसे. मी येते. त्यांना मी दिलेली निळी शाल पांघरव, थंडी सोसत नाही त्यांना.' उत्तर, 'येऊ नकोस, सगळं आटोपलं.'"

आठव्या दिवशी त्याच सासूबाई बाजारात काकड्या निवडताना दिसल्या, तेव्हा बिचारीची पाचावर धारण बसली होती!

सासूबाई ताडकन उठल्या. "अरे मेल्या! मला मारलंस ते मारलंस, वर हिला यायलाही दिलं नाहीस? बाईसाहेब, नंबर ह्याचाच. मामाचं कार्ड मीच आणून दिलं ह्याला. नाही म्हणून सांग, असं घोकून घेतलंय माझ्याकडून!"

"आई, अगं गप्प बस!"

"मी पहाटेच गेलेय ना? मग कोणाला गप्प करतोस?"

न्यायाधीशबाईंनी नंबर नवऱ्याचाच असल्याचं लिहायला सांगितलं. सासूबाई तरातरा येऊन सुनेशेजारी बसल्या.

"रडलीस का गं माझ्यासाठी?"

"दोन दिवस मशीनला हात लावला नाही."

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "आणि हा त्याच सकाळी माझ्याकडून पैसे घेऊन गेला. दर महिन्याला नेतो. नातीला पोचवतो म्हणून."

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशबाई कारकुनाला म्हणाल्या, "हेही लिहून घ्या."