मिसरीबंदी

सन दोन हजार वीस. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीबाईनं ओट्यावर बसून घरात हाक मारली, "प्रयाग, माझी डबी कुठं हाय गं?"

"माझ्या कमरंला हाय," सून आतून म्हणाली.

"मग आण की. दात घासायचे ऱ्हायलेत माझे."

प्रयाग बाहेर आली. कमरेला खोचलेली पितळेची डबी तिनं काढली, झाकण उघडलं, बोटावर मिसरी घेतली आणि सासूच्या समोर खालच्या पायरीवर बसून स्वतःच्याच दातांना लावायला लागली. सावकाश लावली. बाजूला पिंक टाकली. झाकण लावलं आणि डबी पुन्हा कमरेला खोचली.

लक्ष्मीबाई हात पुढं करून बसलेलीच होती.

"निरोप आला व्हता, एवढं म्हणा आत्याबाई," प्रयाग म्हणाली. "लगेच देते."

त्यांच्या आणि माझ्या अंगणाच्या मधे छातीएवढी मातीची भिंत आहे. मी पलीकडं जास्वंदीला पाणी घालत होते. हातातला तांब्या तसाच राहिला. प्रयाग साठीला आलेली, सासू ऐंशी ओलांडलेली. ह्या सुनेनं त्या सासूपुढं वर मान करून बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

देश बंद झाल्याची बातमी आम्हाला टीव्हीनं दिली, पण ती खरी वाटली ती लोहाऱ्याचा बाजार भरला नाही तेव्हा. गावच्या रस्त्यावर पोरांनी बाभळीचे काटे आणून टाकले. टपऱ्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. तंबाखूचं पान मिळेना, आणि तंबाखू नाही म्हणजे मिसरी नाही. पुरुषांचं पुरुषांनी पाहिलं, पण आमच्या वयाच्या बायकांचे काय हाल झाले ते कुणी विचारलं नाही. सकाळी उठून मिसरी लावल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही. प्रयागनं शेवटच्या बाजारातून पानं आणून, भाजून, कुटून ठेवली होती. त्यांच्या घरात होती नव्हती ती मिसरी त्या एका डबीत होती.

निरोपाची गोष्ट सांगते. प्रयाग सोनारीची. सोनारी परंडा तालुक्यात, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. बाप लहानपणी गेलेला. आई काळभैरवाच्या देवळापाशी नारळ-फुलं विकायची, त्यावर तिनं दोन लेकरं वाढवली. प्रयाग लग्न होऊन इथं आली आणि दुसऱ्याच वर्षी आई आजारी पडली. ज्वारीची काढणी चालली होती आणि आमच्या गावची जत्रा तोंडावर आली होती. भावानं एका माणसाला एसटीनं पाठवलं : आई लई बेजार हाय, प्रयागला लगोलग धाडा. तो माणूस आला, वेशीत घरच्या माणसापाशी निरोप सांगितला आणि आल्या पावली परत गेला. प्रयागला कुणी काही सांगितलं नाही. दुसरा माणूस आला तो माती झाल्याचं सांगायला.

ती सोनारीला पोचली तेव्हा भाऊ म्हणाला, "दाराकडं बघत बघत गेली माय. किती वाट बघितली तुझी. आम्ही माणूस धाडला व्हता की."

परत येऊन तिनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, "कुठला निरोप? आमच्याकडं कुणी आलं न्हाय."

निरोप आणणारा माणूस पुढं ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला. विचारायला कुणी उरलं नाही. पण प्रयागला विचारायची गरजही वाटली नव्हती. शेतात ज्वारी उभी, मजूर मिळेनात, घरात लक्ष्मीबाईच्या शब्दाबाहेर मांजरसुद्धा जात नसे. निरोप तिनंच दाबला, हे आम्हा शेजाऱ्यांनाही दिसत होतं. नवरा बब्रुवान तेवढा तिच्याबरोबर सोनारीला गेला, तिच्याबरोबर रडला. "नवरा माझा देवमाणूस हाय, शांताक्का," ती मला म्हणायची, "त्याच्याकडं बघून दिवस काढते."

काही बायका राग बोलून संपवतात. प्रयागनं तो बियाण्यासारखा राखेत घालून ठेवला होता. चाळीस वर्षं तिनं सासूचे पाय चेपले, तिचं दुखलंखुपलं पाहिलं, आणि एक दिवसही ती ते विसरली नव्हती.

लक्ष्मीबाईही काही कमी नव्हती. पहिल्या दिवशी म्हणाली, "माझ्या तोंडात माती घाल, पण म्या म्हणणार न्हाय." मग तिनं गोवरीची राख लावून पाहिली. चहाची पत्ती तव्यावर काळी करून लावली, थू थू करून टाकली. नारळाची करवंटी जाळून लावली, त्यानं हिरड्या सोलल्या. डोक्याला फडकं बांधून ती दिवसभर खांबाला टेकून बसे. प्रयाग रोज सकाळी समोरच्या पायरीवर येऊन बसायची, डबी उघडायची.

एकदा दुपारी म्हातारी भिंतीशी आली.

"शांताक्का, चिमूटभर दे गं. डोकं नुसतं ठणकायलंय. परसाकडं बी व्हईना."

"माझ्याजवळ कुठली, काकू?"

"खोटं नको बोलू. वास यायलाय हितपर्यंत."

"तोंडाला पदर बांधलाय मी. सरकारनंच सांगितलंय. वास कसा येईल?"

"सरकारच्या तोंडात घाल तुझा पदर!" म्हणत ती गेली.

माझ्याजवळ होती. दिली नाही. सोनारीहून आली त्या दिवशी प्रयाग गोठ्यात म्हशीच्या पाठीला तोंड लावून रडत होती, कारण घरात पै-पाहुणे होते आणि लक्ष्मीबाईनं बजावलं होतं, जत्रेचे पाहुणे जाईस्तोवर डोळ्याला पाणी दिसता कामा नये. ते मी ह्याच भिंतीवरून पाहिलं होतं. चिमूट द्यायला हात धजलाच नाही.

संध्याकाळी प्रयागनं विचारलं, "दिली का तुमी?"

"न्हाय."

"बरं केलं."

"पण म्हातारी मरायला टेकलीय गं. काय मिळणार तुला?"

"तिच्या तोंडून ऐकायचंय. ती मेल्यावर कुणाच्या तोंडून ऐकू?" प्रयाग भिंतीवर हात ठेवून हळू बोलत होती. "आन् आता तिला जायला जागा न्हाय, शांताक्का. लेकीकडं जावं तर येष्टी बंद. शेजारी जावं तर तुमचं तोंड बांधलेलं. असा वखत पुन्हा यायचा न्हाय."

बब्रुवान दोघींच्या मधे चपापल्यासारखा फिरत होता. "जाऊ दे की, प्रयाग. जुनी गोष्ट हाय," तो म्हणायचा. "जुनी तुमच्यासाठी," ती म्हणायची. शेवटी त्यानं उपरण्यानं तोंड बांधलं, गाडी काढली आणि शेतातल्या वाटेनं तंबाखू आणायला लोहाऱ्याला गेला. दुपारी रिकाम्या हातानं, पाय फाकवत परत आला. लोहाऱ्याच्या नाक्यावर पोलिसांनी धरून त्याला बैठका काढायला लावल्या होत्या.

"पैलवानाला बैठका काय नव्या हायत का?" प्रयाग हसून म्हणाली, आणि लगेच आत जाऊन त्याच्यासाठी तेल गरम करून आणलं. तरुणपणी तो गावचा नावाजलेला गडी होता. गुडघ्यांना तेल चोळत बसलेल्या त्या म्हाताऱ्या पैलवानाकडं पाहून मला वाटलं, आईवर किती जीव आहे ह्याचा.

त्यानंतर लक्ष्मीबाईनं भाकरी सोडली. नुसतं पाणी पिऊन पडून राहायची. एका दुपारी अंगणात कडुनिंबाखाली तिला आणून बसवलं होतं. प्रयाग ज्वारी पाखडत होती. मी भिंतीपलीकडं सांडगे घालत होते. बब्रुवान बाहेरून आला, आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि एकदम ओरडला, "माय, सांगून टाक की एकदाचं! म्या दाबला निरोप म्हणावं. काय जातंय तुझं?"

लक्ष्मीबाईनं मान वर केली. "म्या म्हणू?"

"म्हण की. हिचं समाधान व्हईल. घरात शांतता व्हईल."

"चाळीस वर्सं म्या न्हाय न्हाय म्हणत आले. ते कुणासाठी रं, बबऱ्या?"

बब्रुवानचा चेहरा उतरला. "माय, तू गप बस आता."

"आता गप बस? आत्ताच तर बोल म्हणत व्हतास." म्हातारीचा आवाज बारीक होता, पण एकेक शब्द ऐकू येत होता. "दुसऱ्याचं पाप पोटात ठिवलं, ते ठिवलं. आता तोंडानं बी माझं म्हणू? वेशीत तू उभा व्हतास. तो माणूस तुझ्यापाशी बोलला. उद्या जत्रंत तुझी कुस्ती, म्हणून तू बोलला न्हाईस. कुस्ती मारून आल्यावर माझ्या पाया पडून सांगितलंस. मग म्या म्हणलं, झालं ते झालं, निरोप आलाच न्हाय म्हणायचं." मग ती सुनेकडं वळली. "नवरा मनातनं उतरला तर संसार व्हत न्हाय, प्रयाग. सासू उतरली तर काय, ती सासूच."

सुपातली ज्वारी सुपातच राहिली.

मला ती जत्रा आठवली. बब्रुवाननं बाहेरगावचा पैलवान चीतपट केला होता. गुलालानं माखलेला, डोक्याला बक्षिसाचा फेटा, पोरांनी खांद्यावर घेऊन त्याला दारापर्यंत आणलं. दारात प्रयाग ताट घेऊन उभी होती. नवी नवरी, हिरवं लुगडं, हसू आवरत नव्हतं. तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला ओवाळलं. सोनारीला तिची आई दाराकडं बघत होती, ती त्याच दिवशी.

प्रयागलाही तेच आठवलं असावं.

"म्या ववाळलं व्हतं तुमाला," ती म्हणाली.

"अक्कल नव्हती गं तवा," बब्रुवान म्हणाला. "वाटलं, एका दिवसानं काय व्हतंय."

प्रयाग उठली, कमरेची डबी काढली, झाकण उघडून सासूच्या मांडीशी ठेवली आणि सूप घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी बब्रुवान नेहमीसारखा ताट घेऊन चुलीपुढं बसला. दोघी बाहेर ओट्यावर होत्या. "प्रयाग, वाढ की," त्यानं हाक मारली. पुन्हा मारली.

प्रयागनं सासूला विचारलं, "काय ऐकू आलं का, आत्याबाई?"

म्हातारी मिसरीचं बोट हिरडीवरून फिरवत होती. तिनं पिंक टाकली. "न्हाय बा. आपल्याकडं कुणी आलं न्हाय. कुणाचा निरोप न्हाय."

मी तोंडाचा पदर घट्ट धरून हसले. कितीतरी वर्षांत तशी हसले नव्हते.

एरवी असता तर तो उठून हॉटेलात गेला असता, भावकीत जेवला असता, देवळात जाऊन झोपला असता. पण हॉटेल बंद होतं, देवळाला कुलूप होतं आणि कुठल्याही दारात गेलं की आतून आवाज यायचा, "लांबूनच बोला." सगळं गाव प्रयागच्या बाजूनं उभं राहिल्यासारखं बंद होतं. त्यानं पहिल्यांदा पीठ मळलं तेव्हा ते परातीतून उचलेना. त्याच्या भाकरीला तडे जायचे, ती तव्यावरच तुटायची. तुकडे दुधात कालवून तो गोठ्यात बसून खायचा. मी भिंतीवरून बघायचे, आणि मला बरं वाटायचं.

सासूला माफ केलं का, असं मी एकदा प्रयागला विचारलं. ती म्हणाली, "न्हाय. तिनं बी दाबलाच की. पण तिनं लेकरासाठी दाबला, ह्यांनी फेट्यासाठी."

रोग आमच्या गावात उशिरा आला. टपरीवाल्याला घेऊन गेला, आणखीही काहींना. लक्ष्मीबाईला त्यानं हात लावला नाही. पुढच्या थंडीत ती झोपेतच गेली. तिला न्हाऊ घालताना प्रयागनं कुणाला पाणी घालू दिलं नाही, सगळं एकटीनं केलं. त्याआधी, एसटी सुरू झाल्यावर प्रयाग एकटीच सोनारीला जाऊन आली होती. देऊळ तेव्हाही उघडलं नव्हतं. आई जिथं बसायची तिथं ती दिवसभर बसली आणि शेवटच्या गाडीनं परत आली, एवढंच तिनं मला सांगितलं. त्यांचा लेक रणधीर पुण्याला असतो. तो बापाला घेऊन गेला होता, पण बापाचं मन तिथं लागलं नाही. माझे दात पडले. मिसरी सुटली नाही.

बब्रुवानला आता भाकरी चांगली येते. प्रयाग त्याच्याशी आजतागायत बोललेली नाही. घरातला मोबाईल त्याच्याजवळ असतो आणि ती दिवसभर रानात. फोन वाजला की तो उचलतो, ऐकतो, पायात चपला घालतो आणि तिला सांगायला निघतो. लेकाचा असो, बँकेचा असो, नाहीतर चुकून लागलेला असो. गुडघ्यांमुळं त्याला धड चालता येत नाही. ऊन असो, चिखल असो, तो बांधापर्यंत जातो, उभा राहतो आणि मोठ्यानं सांगतो, "कंपनीचा फोन आला व्हता. पैसे भरा म्हणून."

प्रयाग खुरपं थांबवते. पूर्ण ऐकून घेते. मग पुढच्या ओळीला लागते.