जाळ्यांचे ब्रश

"राही, आज तू मागेच बस. मॅडम जाईपर्यंत पुढे येऊ नकोस," निलेशशेठ म्हणाले.

राहीने मान हलवली. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरातून आलेली फाटकी नायलॉनची जाळी वितळवायची आणि त्यातून दातांच्या ब्रशचे दांडे काढायचे, हे काम ती शेड उभी राहिल्यापासून करत होती. गेल्या शिमग्यानंतर साच्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून ती मागे बसून दांड्यांच्या कडा तासायची.

मुंबईच्या मॅडम आपल्या हॉटेलांसाठी ब्रश निवडायला आल्या होत्या. बांबूचे नकोत, त्यांना बुरशी धरते म्हणाल्या. मग एक निळा दांडा त्यांनी हातात फिरवून पाहिला.

"समुद्रातला कचरा वाटतच नाही! बनवतं कोण? फोटो हवा मला."

हिशेब लिहिणारी वैष्णवी राहीचा ॲप्रन घालून मशीनपाशी उभी होती.

"किती वर्षं करतेस?"

"सहा," वैष्णवी म्हणाली. तिला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं.

"इथे कधी अपघात वगैरे? त्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत."

"एकही नाही," शेठ म्हणाले.

गोणपाटाच्या पडद्यामागे राही उठायला लागली. शेजारच्या मथुराने तिचा पदर धरला. "बोलू नको गो. ऑर्डर गेली तर आम्ही सगळ्या घरी बसू."

एवढ्यात पडदा सरकला. मॅडम हसल्या. "झाडलोट करता का मावशी? घ्या, तुम्हालाही एक."

राहीने डावा हात पुढे केला.

"असं नाही. उजव्या हाताने घ्या ना."

पदराखालचा हात राहीने घट्ट आवळला. शेठ तिच्याकडेच बघत होते.

"खराब हाय ओ तो."

"मग धुऊन या. मी थांबते."

राही मागच्या नळावर गेली. नळ सोडला आणि हात न धुता तशीच उभी राहिली. आतून हसण्याचे आवाज येत होते. शेवटी ब्रश स्टुलावर ठेवून मॅडम निघाल्या. गाडी गेल्यावर तिने नळ बंद केला.

शेठ स्वतःच मागे आले. "ऑर्डर मिळाली. पण मॅडम आता दर महिन्याला येणार, राही. तू समजून घे."

"उद्यापासून नको येऊ?"

शेठ खिशातून नोटा काढून मोजू लागले.

"टोपलीतले तेवढे तासून जाते," ती म्हणाली. "कड ऱ्हायली तर लोकांच्या तोंडाला लागंल."

तिने एक दांडा उजव्या तळव्याखाली दाबून धरला आणि डाव्या हातात पातं घेतलं. मथुराने मान वर न करता, जरा सरकून तिला जागा करून दिली.